स्क्रूवरची पांढरी रेघ

तपासेंना पहिला संशय आला तो शर्टाच्या काजांचा. थंडी पडायला लागली त्या आठवड्यात सकाळी त्यांना बटणं लावता येईनात. बटण काजाच्या तोंडापर्यंत यायचं आणि आत जायची वेळ आली की निसटायचं. दहा मिनिटं झटापट केल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"तू हे शर्ट कढत पाण्यात घालतेस," ते बायकोला म्हणाले. "काजं आटली आहेत."

"नुसती काजं कशी आटतील, अहो? आटला तर सगळा शर्ट आटेल."

"तेच म्हणतोय मी. शर्ट तेवढाच आहे आणि काजं तेवढी आटलीत. म्हणजे काहीतरी गडबड आहे."

बायकोने गॅस बारीक केला, हात पुसले आणि त्यांची बटणं लावून दिली. ती लावत होती तेवढा वेळ तपासे छताकडे बघत उभे राहिले. पंधराएक दिवसांनी बटणं पुन्हा सरळ लागायला लागली. "साबण बदललास ना?" त्यांनी विचारलं. "हो, बदलला," ती म्हणाली. आपण खडसावलं की लोक सुधारतात, पण खडसावावं लागतं, हे त्यांचं जुनं मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं.

तपासे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. टोळीने त्यांना हे नाव दिलं ते त्यांच्या तपासण्यांमुळे. माणूस डब्याचं झाकणसुद्धा कान लावून उघडायचा. कोणी चहा आणून दिला तर आधी चहाकडे, मग आणणाऱ्याकडे आणि मग पुन्हा चहाकडे बघायचा. टोळीतले लोक म्हणत, तपासे आरशात बघतात तेव्हा आरशातला माणूसच आधी नजर खाली घालत असेल.

गेली बावीस वर्षं ते पाणीपुरवठा खात्यात चेनसॉ चालवत होते. शहराला पाणी देणारा मोठा पाइप टेकडीच्या उतारावरून खाली यायचा. त्याच्या दोन्ही अंगांना झुडपं अशी माजायची, की एक वर्ष हयगय केली असती तर पाइप शोधायला माणूस धाडावा लागला असता. मुळं सांध्यांत घुसायची, व्हॉल्व्हची चाकं काट्यांत गडप व्हायची. तो पट्टा मोकळा ठेवायचं काम चार माणसांची टोळी करायची. तिघं जण तोडलेलं ओढून ढीग लावायचे आणि मशीन धरायचे ते तपासे. त्यांच्याशिवाय त्या मशीनला कोणी हात लावत नसे, आणि कोणी लावावा असं त्यांना वाटतही नसे.

मोठ्या झाडावर त्यांचा थोडा तरी विश्वास होता. "झाड पडताना आवाज तरी करतं," ते म्हणायचे. "झुडूप साळसूदासारखं उभं असतं आणि थोबाडीत देतं." त्यात खोटं काही नव्हतं. मनगटाएवढं लवचीक खोड चेनमध्ये अडकतं, ओढलं जातं आणि कापणाऱ्याच्याच अंगावर येतं. वाकलेली फांदी तर ताणलेल्या स्प्रिंगसारखी असते. ती चुकीच्या बाजूने कापली की सुटली. म्हणून तपासे प्रत्येक खोडाला आधी एक फेरी मारायचे. कुठल्या अंगाला दबलंय, कुठल्या अंगाला ताणलंय, आपल्याला मागे सरकायला वाट आहे का, पायात वेल तर नाही ना, हे सगळं बघून मगच मशीन जमिनीवर टेकवायचे, मागच्या दांड्यात बूट अडकवायचे आणि दोरी ओढायचे. पेट्रोल भरायचं ते इंजिन गार झाल्यावर, आणि भरलं तिथून दहा पावलं लांब जाऊन मशीन चालू करायचं. बारचं, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते त्या लांब पट्टीचं, टोक कशालाही लागू द्यायचं नाही, नाहीतर मशीन उसळून तोंडावर येतं. खांद्याच्या वर कापायचं नाही. दोन्ही अंगठे दांड्यांभोवती वळलेले पाहिजेत. आणि मशीन चालू असताना पंधरा पावलांच्या आत कोणी फिरकायचं नाही, मग तो साक्षात मोठा साहेब का असेना. एकदा मोठे साहेब खरंच फिरकले होते. तपासेंनी मशीन बंद केलं, खाली ठेवलं आणि साहेब परत जाईपर्यंत त्याच्यावर बसून राहिले.

हा संशयी स्वभाव त्यांनी जन्माला येताना आणला नव्हता. ज्या म्हाताऱ्या कारागिराने त्यांना हे काम शिकवलं तो मोठा दिलदार माणूस होता. सगळ्यांवर विश्वास टाकायचा. तपासे नवे असतानाच एका सकाळी कोणीतरी त्याला मशीन देत म्हणालं, चेनचा ब्रेक घातलाय. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि मशीन घेतलं. ब्रेक घातलेला नव्हता. त्याची तीन बोटं तपासेंनी स्वतःच्या रुमालात गुंडाळून दवाखान्यात नेली होती. त्या दिवसापासून दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीवर त्यांनी विश्वास ठेवणं सोडलं, आणि त्यासाठी त्यांना कोणी दोष देऊ नये असं मला वाटतं.

चेनच्या बाबतीत ते सगळ्यांत कडक होते. इंजिन बंद करायचं, बारच्या खालच्या अंगाने चेन दोन बोटांत धरून ओढायची. जरा सुटून चपकन परत बसली पाहिजे. लोंबली तर सैल, हललीच नाही तर फार ताणलेली. "हे डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं," ते नव्या माणसाला सांगायचे. "आणि चेन रोज थोडी सैलावते. काल कुठे होती ते तिला विचारायचं नाही. आज कशी आहे ते बघायचं." पहिल्याच दिवशी नव्या माणसाकडून ते हे तीनदा म्हणवून घ्यायचे.

अशाच नव्या माणसांत आठ महिन्यांपूर्वी त्यांचा मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, वय बेचाळीस, आधी फर्निचरच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला तेव्हा बायकोने महिनाभर कानाशी भुणभुण लावली आणि तपासेंनी मुकादमबाईंकडे शब्द टाकला. टाकला तसा त्यांना पश्चात्तापही झाला, कारण मेव्हणा कामाला चांगला निघाला. वाईट निघाला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. वाईट माणसाचं काय ते एकदाच कळतं. हा कमी बोलायचा, सांगितलेलं लक्षात ठेवायचा, आणि पावसाळ्यात खात्याचा चेनसॉचा कोर्स पास होऊन आला. सर्टिफिकेट त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं. मुकादमबाईंनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "चला तपासे, तुम्हाला जोडीदार मिळाला."

टोळीला मशीन एकच. एका मशीनला दोन माणसं कशाला लागतात, हे तपासेंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांना पंचावन्न पूर्ण झाली होती. बाई जोडीदार म्हणाल्या, तपासेंनी वारसदार ऐकलं, आणि मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली.

मग एकेक खुणा दिसायला लागल्या. चेनला धार लावायची गोल कानस ते पिशवीत नेहमी मूठ उजवीकडे करून ठेवायचे. एका सकाळी मूठ डावीकडे होती. दोन दिवसांनी मशीनच्या पेटीची कडी अर्धीच बसलेली सापडली. कडी अर्धी ठेवणारा माणूस तपासे नव्हते. तसा माणूस त्यांनी टोळीतसुद्धा ठेवला नसता. मशीन ठेवायच्या शेडला रात्री कुलूप असायचं. सकाळी ती वॉचमन उघडायचा, आणि तपासेंच्या आधी तिथे पोचणारा माणूस एकच होता. हल्ली मेव्हणा अर्धा तास लवकर येत होता. विचारलं तर म्हणायचा, "लवकर जाग येते, दाजी."

आणि मग तो रविवार. मेव्हणा दुपारी घरी आला होता. तपासे बाहेरच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन पडले होते. झोप लागलेली नव्हती, पण लागली आहे असं आतल्यांना वाटत असेल तर त्यांची काही हरकत नव्हती.

"रोज करतोस ना रे?" बायको दबक्या आवाजात विचारत होती.

"रोज, ताई. ते यायच्या आधी."

"आणि त्यांना कळत नाही?"

"अजून तरी नाही."

तपासे उठून आत गेले. बायकोने एकदम गॅसचा सिलिंडर कधी संपेल हा विषय काढला आणि मेव्हणा त्यावर नको इतका विचार करायला लागला. तपासे पाणी प्यायले, भांडं पालथं ठेवलं आणि बाहेर आले. भावाचं त्यांना काही वाटलं नाही, भाऊ तो भाऊच. पण बायकोसुद्धा त्यात होती. अठ्ठावीस वर्षांत तिच्याबद्दल त्यांनी साबणाच्या पलीकडे कसलाही संशय घेतला नव्हता.

सोमवारी काम संपल्यावर त्यांनी सापळा लावला. मशीन पुसलं, गार होऊ दिलं, चेन ताणली, दोन बोटांनी ओढून बघितली. ठीक वाटली. मग व्हॉल्व्हवर नंबर टाकायच्या पांढऱ्या रंगात काडी बुडवून, चेन ताणायच्या स्क्रूवरून सरळ मशीनच्या अंगापर्यंत एक बारीक रेघ ओढली. कोणी स्क्रू केसभर फिरवला तरी रेघ तुटणार होती. रंग सुकेपर्यंत ते समोर बसून राहिले, आणि कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं इतकं त्यांना बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी रेघ तुटलेली होती. स्क्रूवरचा तुकडा जवळजवळ अर्धा फेरा पुढे गेला होता, म्हणजे कोणीतरी चेन आवळली होती. तपासेंच्या डोक्यात सगळं लख्ख झालं. चेन नको इतकी आवळायची, म्हणजे ती तापून तुटेल. तुटली की बाई विचारतील, म्हातारा झाला का तपासे? आणि सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत तयारच आहे.

त्यांनी पाना घेतला, नट सैल केले आणि रेघ पुन्हा एकसंध जुळेपर्यंत स्क्रू मागे फिरवला. वर दोन बोटांनी चेन ओढूनही बघितली. त्यांच्या बोटांना ती ठीक वाटली. खरं तर ती त्यांना गेले कित्येक दिवस रोजच ठीक वाटत होती. काल कुठे होती ते चेनला विचारू नका, असं बावीस वर्षं लोकांना बजावणाऱ्या माणसाने त्या सकाळी चेनला बरोबर तेवढंच विचारलं. संशयाने माणूस सावध होतो हे खरं आहे, पण तो एकाच दिशेला सावध होतो.

मेव्हणा ढिगाची दोरी घेऊन आत आला. त्याची नजर मशीनवर गेली, पान्यावर गेली. "दाजी, मी चेन एकदा बघू का?"

"का? तुला काय दिसलं तिच्यात?"

"तसं काही नाही."

"मग राहू दे. आणि आज तू माझ्याजवळ काम करायचं. माझ्या समोर."

"समोर? पंधरा पावलं..."

"मी सांगतोय ना."

पाइपाच्या तिसऱ्या वळणावर एकाच बुंध्यातून फुटलेल्या खोडांचं जंजाळ होतं. त्यातलं एक, मनगटाहून जाड, बाकीच्यांच्या ओझ्याखाली कमानीसारखं वाकलेलं. असलं खोड तपासे आतल्या अंगाने थोडं थोडं तासत आणायचे, म्हणजे त्याचा जोर हळूहळू निघून जातो. तेव्हाही त्यांनी तेच करायला घेतलं. पण मेव्हण्याला त्यांनी सहा पावलांवर उभं केलं होतं, त्याचे हात दिसावेत म्हणून, आणि हेल्मेटच्या जाळीच्या आडून त्यांचा एक डोळा सारखा तिकडे जात होता. त्यामुळे दोन हलके घाव घालायचे तिथे एकच खोल घाव गेला.

सैल चेन बारवरून उतरली. मशीन किंचाळलं, चेनचा लोंबता फास खालून येऊन तपासेंच्या उजव्या मांडीवर सपकन बसला. त्यांनी ब्रेक मारला, इंजिन बंद केलं. तेवढ्यात अर्धवट कापलेलं खोड करकरलं, उभं चिरलं आणि सुटलं ते सहा पावलांवर जाऊन मेव्हण्याच्या तोंडावर आदळलं.

मेव्हणा मागे पडला. तपासे चार पावलं धावले आणि पाचव्या पावलाला वेलीत पाय अडकून त्याच्याशेजारी गुडघ्यांवर आले. हेल्मेटची जाळी आत चेपली होती. डाव्या डोळ्यापासून दोन बोटांवर गालाला चीर गेली होती आणि रक्त हनुवटीपर्यंत आलं होतं. मेव्हण्याने डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"दिसतंय," तो म्हणाला. "दाजी, तुमचा पाय."

तपासेंनी खाली बघितलं. कामाच्या जाड पँटचं कापड फाटून आतले, चेन अडवायला भरलेले पांढरे धागे बाहेर लोंबत होते. चेन त्या धाग्यांतच थांबली होती, कातडीला नखाएवढाही ओरखडा नव्हता. त्यांची बोटं ते धागे चाचपत होती. ते त्यांना दिसत होतं, पण जाणवत नव्हतं. हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो लगेच बाजूला सारला.

टोळीने मेव्हण्याला आणि मशीनला खाली शेडपाशी आणलं, तिथे मुकादमबाई वही घेऊनच आल्या. बाई तशा वाईट नव्हत्या, पण वही उघडली की त्यांचा चेहरा मिटायचा. मेव्हण्याच्या गालावर पट्टी लावली जात होती तोवर त्यांनी उतरलेली चेन बघितली, उचलून बघितली आणि म्हणाल्या, "एवढी सैल? आज चेन कोणी बसवली होती?"

"मी," मेव्हणा म्हणाला. "सकाळी मीच हात लावला होता. माझं चुकलं, बाई."

तपासेंनी आठ महिने ज्याची वाट बघितली ते वाक्य तो स्वतःच्या तोंडाने बोलला होता. मुकादमबाई लिहीत होत्या. लिहिता लिहिताच त्यांनी सांगितलं, की मग सर्टिफिकेट परत करावं लागेल आणि उद्यापासून टोळीत नाही, गोदामात जायचं. मेव्हण्याने मान डोलावली. तपासेंना एका श्वासापुरतं समाधान वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या श्वासाला त्यांची नजर मशीनकडे गेली. स्क्रूवरची पांढरी रेघ एकसंध होती. सकाळी त्यांनी जुळवली होती तशीच. चेन मेव्हण्याने सैल केली असती तर ती तुटलेली असती.

आता तपासे तपासे होते म्हणून वाचले म्हणायचं. दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता, मशीन आपलं आपल्याकडे राहिलं असतं आणि रात्री झोपही लागली असती. पण जो गुन्हा केलाच नाही तो माणूस आपल्या अंगावर का घेतो? यात नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. हा संशय त्यांना सोडवेना. बाई गाडीकडे गेल्या तसं त्यांनी मेव्हण्याला शेडमध्ये नेलं आणि दार लावून घेतलं.

"खोटं का बोललास?"

"खोटं कुठे? मी रोज हात लावतोच, दाजी. दोन महिने झाले. तुम्ही यायच्या आधी येतो आणि चेन ताणून ठेवतो."

"का?"

मेव्हण्याने गालावरची पट्टी दाबून धरली. मग म्हणाला, "रोज सैल असते म्हणून."

तपासेंच्या कानशिलांवर रक्त चढलं. "मी ताणलेली चेन सैल असते?"

"ताईने सांगितलं होतं मला. थंडीच्या सुरुवातीला तुम्ही गॅसवरचं पातेलं नुसत्या हाताने उतरवलंत. भाजलं, फोड आला, तरी तुम्हाला कळलं नाही. तिने फोडावर मलम लावलं तर तुम्ही म्हणालात, मशीनचं ग्रीस असेल. सकाळी तुमची बोटं पांढरी पडतात, ते तिने बघितलंय. ती म्हणाली, त्यांना बोलशील तर ते उद्यापासून तुला जवळ करणार नाहीत, आणि मग चेन कोण बघणार? मी बोलायला हवं होतं. आज सकाळी तरी बोलायला हवं होतं."

"थंडीने होतं ते. सगळ्यांची बोटं थंडीने बधिर होतात."

"होतात," मेव्हणा म्हणाला.

त्याने वाद घातला नाही, तेच तपासेंना जड गेलं. आयुष्यभर त्यांनी प्रत्येक गोष्ट तपासून घेतली होती. पेट्रोल, कडी, चहा, माणसं. एक गोष्ट कधी तपासली नव्हती, कारण बाकीचं सगळं ते तिनेच तपासत होते. ते बाकड्यावर बसले. हातमोजे काढले आणि उजवा हात पुढे करून डोळे मिटले.

"ती चेन घे. माझ्या दोन बोटांत दे आणि हळू ओढ. दातांची बाजू वर ठेव. ओढलीस की मी सांगतो, किती ओढलीस ते."

बाहेर कोणीतरी फांद्या ओढत नेत होतं. तपासे वाट बघत राहिले. हा पोरखेळ कशाला लांबवतोय असं त्यांना वाटलं.

"दे ना," ते म्हणाले.

"दिलीय, दाजी," मेव्हणा म्हणाला. "केव्हाची दिलीय. तीनदा ओढून झाली."

तपासेंनी डोळे उघडले. चेन त्यांच्या अंगठ्यात आणि बोटात होती. टोकांशी बोटं मेणासारखी पांढरी दिसत होती. एका दाताने तर्जनीवर बारीक कापलंही होतं आणि तिथे रक्ताचा थेंब जमला होता. ते त्या थेंबाकडे बघत राहिले. आपल्या गुरूची बोटं दुसऱ्याच्या शब्दाने गेली होती. आपली आपल्या डोळ्यांदेखत गेली, आणि आपल्याला पत्ताच लागला नाही.

त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. मेव्हणा शेजारी बसला आणि त्याने त्यांच्या तर्जनीला पट्टी गुंडाळली. चेन लागली म्हणूनच, पण फार सांभाळून गुंडाळली.

मग तपासे उठून मुकादमबाईंकडे गेले. "बाई, ते पान बदला," ते म्हणाले. "चेन सकाळी मी सैल केली. त्याने बरोबर ताणलेली मी मागे फिरवली. त्याला सहा पावलांवर मी उभं केलं. आणि माझ्या बोटांना काही कळत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कधीपासून?"

"मला आज कळलं. घरी आधीच कळलं होतं."

बावीस वर्षांत या माणसाने स्वतःच्या विरुद्ध पहिल्यांदाच तक्रार आणली होती. बाईंनी पान फाडलं नाही, खात्यात पान फाडता येत नाही; आडवी रेघ मारून खाली नवं लिहिलं. उद्या डॉक्टरकडे जायचं. मशीन मेव्हण्याकडे. "आणि पुढे बघू," त्या म्हणाल्या. "शिट्टी घेऊन पंधरा पावलांवर उभा राहणारा माणूस मला कधीचा हवाय. कोणावरच विश्वास न ठेवणारा लागतो." त्या गंमत करत होत्या की काय ते कळायला मार्ग नव्हता, आणि तपासेंनी ते तपासलंही नाही.

निघताना त्यांनी पाना मेव्हण्याच्या हातात दिला. "रेघ पुसून टाक," ते म्हणाले. "तिचा काही उपयोग नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरकडे जायला ते तयार होत होते. खिडकीतून ऊन आलं होतं. शर्टाचं पहिलं बटण लागलं, दुसरं लागलं, आणि तिसऱ्याला त्यांचा हात थांबला. बोटांना काही कळत नव्हतं, तरी बटणं कशी काय लागत होती?

त्यांनी शर्ट काढून उजेडात धरला. प्रत्येक काज खालच्या अंगाला थोडं कापून लांब केलेलं होतं आणि कापलेल्या कडेला नव्या दोऱ्याने बारीक टाके घातलेले होते. दोऱ्याचा रंग शर्टाशी जवळजवळ जुळत होता, पण पूर्ण नाही. त्यांनी कपाट उघडलं. पाचही शर्ट तसेच होते. एका शर्टाला सात काजं. ते उघड्या अंगाने पलंगावर बसून सगळी मोजत होते आणि मोजताना मधूनच चुकत होते.

बायको पाणी घेऊन आली आणि दारातच थांबली. तिने शर्टांकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. "काय बघताय?"

"काही नाही," तपासे म्हणाले. "साबण चांगला आहे."

तिने पेला ठेवला आणि त्यांच्यासमोर बसली. मग एक शर्ट त्यांच्या अंगात घालून खालपासून वरपर्यंत बटणं लावून दिली. या वेळी ते छताकडे बघत नव्हते.